‘रडवेल्या स्वरात’ऐवजी ‘रागाने’ असे वाचावे

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच बरा. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि तुझ्याकडे तुला धरून एकच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना अजून आडवी होऊन एकेक पायरी उतरतेस, की खालच्या शिंपिणीशी भांडण मिटल्यामुळे आता तिचा हात धरतेस? मांजर आहे ना? तू लिहिलं होतंस की ते फक्त तुझ्या हातचं खातं आणि बाकी सगळ्यांना ओरबाडतं. ते पत्र चार वर्षांपूर्वीचं, हे मला ठाऊक आहे. उत्तर लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा ‘आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले, मजकूर अवगत झाला’ एवढं लिहून उठले. बावीस वर्षं सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईच्या हाताला दुसरं वळणच उरत नाही. आज मुद्दाम ऑफिसचं पेन न घेता ह्यांच्या दुकानातलं गळकं बॉलपेन घेऊन स्वयंपाकघरात बसलेय. डाग पडले तर समजून घे.

इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. म्हणजे हे ठीक आहेत. मला मत्सर झालाय. एखाद्याला कावीळ होते ना, तसा. साड्यांचा नाही, दागिन्यांचा नाही, शेजारणीच्या नव्या पडद्यांचाही नाही (ते पडदे भयंकर आहेत). मला लोकांच्या रागाचा मत्सर वाटतो. आता तू म्हणशील, ही काय वाटून घ्यायची गोष्ट झाली? पण तू सगळं वाच आणि मग म्हण.

माझं काम तुला बाबांनी ‘नगरपालिकेत मोठी जागा’ असं सांगितलं होतं, म्हणून आधी ते नीट सांगते. सभागृहात अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक छोटं टेबल आहे. तीच ती मोठी जागा. एकतीस सदस्य बोलतात आणि मी लिहून घेते. जसं बोलतात तसं लिहायचं नसतं, शोभेल तसं लिहायचं असतं. कोणी टेबलावर मूठ आपटली की ‘सन्माननीय सदस्यांनी आग्रही प्रतिपादन केले.’ कोणी फाईल भिरकावली की ‘कागदपत्रे सभागृहासमोर ठेवण्यात आली.’ (अध्यक्षांच्या कपाळासमोर, हे लिहिता येत नाही.) दोघांनी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार केला की ‘विचारांची मोकळी देवाणघेवाण झाली.’ मग पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम केलं जातं, आणि एकदा कायम झालं की तसंच घडलं होतं असं सगळे मानतात. ज्यांनी कपाळावर फाईल खाल्ली तेसुद्धा.

ह्या एकतीसांत एकांना सगळे ‘तोफ’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यांना आवडतं. धंदा फरशांचा. सभा अकराला असली की हे साडेदहाला येऊन रिकाम्या सभागृहात वेगवेगळ्या टेबलांवर मूठ आपटून बघतात, कुठलं जास्त वाजतं ते. खिडकीकडचं तिसरं टेबल आतून पोकळ आहे, ते त्यांचं. हे सगळं माझ्यादेखत चालतं, कारण मी तिथेच पेन्सिलींना टोक काढत बसलेली असते आणि त्यांच्या दृष्टीने मी आणि फायलींचं कपाट यात कपाट जास्त रुंद, एवढाच फरक. राग येण्याआधी ते चष्मा काढून खिशात ठेवतात. चष्मा खिशात गेला की मी नवी ओळ सुरू करते. मग गर्जना. गर्जना संपली की आजूबाजूचे पाठ थोपटतात, चहा येतो, मागून कोणीतरी ‘असा एक तरी माणूस हवा’ म्हणतं, आणि तोफ चष्मा लावून माझ्या टेबलाशी वाकून हळूच विचारतात, ‘नीट आलंय ना?’ आत्या, मला त्यांचा हेवा वाटतो. मुद्द्यांचा नाही, मुद्दे नसतातच. पण माणसाने मनसोक्त ओरडावं, आणि वर त्याला चहा मिळावा!

घरी एक छोटी तोफ आहे. आमचे हे दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळात मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवतात, बोट हलत नाही. संध्याकाळी सातला बातम्या लागल्या की तेच बोट टीव्हीवर रोखून हे अशी काही हजेरी घेतात की समोरचे निवृत्त पोस्टमास्तर ऐकायला दार उघडं ठेवतात. ‘तुमचे यजमान राजकारणात जायला हवे होते,’ असं ते मला दर आठवड्याला सांगतात. गेल्या वर्षी बातम्यांत कुठलासा मंत्री म्हणाला की बायकांनी नोकऱ्या सोडल्या तर बेकारी आपोआप कमी होईल. हे नुसते ‘गाढव!’ म्हणाले आणि पाय पसरले. मी मात्र उभी राहिले आणि जे सुचेल ते बोलले, त्या मंत्र्याला, त्याला निवडून देणाऱ्यांना, आणि एकूण व्यवस्थेला. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, माझा कमी करता येईना म्हणून. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. (आत्या, मी एकोणपन्नास वर्षांची आहे. कॅलेंडरशी माझा संबंध आता सुट्ट्यांपुरता.) मग पोस्टमास्तरांकडून रक्तदाबाचं यंत्र आणलं. रक्तदाब निघाला एकशे वीस, ऐंशी. हे आणखीच घाबरले. म्हणाले, ‘मग तुला नेमकं झालंय काय?’ माणूस वाईट नाही गं. रात्रभर दर तासाला उठून माझ्या कपाळाला हात लावून बघत होते. त्यामुळे तर आणखी बोलता येत नाही.

आता डॉक्टरीणबाई. ह्या दातांच्या डॉक्टर, दवाखाना बाजाराच्या कोपऱ्यावर, आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा निवडून आल्या. नगरपालिकेचं बाजारात एक पाळणाघर आहे, भाजी-मासळी विकणाऱ्या बायका पोरं तिथे ठेवून धंद्याला बसतात. सभागृहाला नव्या खुर्च्या आल्या, तेव्हा जुन्या खुर्च्या ठेवायला जागा हवी म्हणून ते पाळणाघर बंद करून तिथे गोदाम करायचं असा प्रस्ताव आला. जुन्या खुर्च्या म्हणजे मोडक्या. मोडक्या म्हणून तर नव्या आणल्या. पहिल्या सभेत डॉक्टरीणबाई ह्यावर हळू आवाजात बोलल्या. ‘ऐकू येत नाही’ असं मागून आलं. दुसऱ्या सभेत जरा मोठ्याने आणि हसतमुखाने बोलल्या. ‘विषय गंभीर आहे, तर बाई हसतायत कशा,’ असं आलं. तिसऱ्या सभेत प्रस्ताव मताला टाकायची वेळ आली आणि ह्या उठल्या, आणि त्यांचा बांध फुटला. ‘तीन सभा मी हेच सांगतेय! अठ्ठावीस पोरं आहेत तिथे! तुम्ही पोरांना रस्त्यावर काढून मोडक्या खुर्च्यांना छप्पर देणार?’ आणि टेबलावर मूठ आपटली. त्यांना बिचारीला कोणी सांगितलं नव्हतं की वाजतं फक्त तिसरं टेबल. त्यांचं सातवं, भरीव लाकडाचं. आवाज काही आला नाही, हात तेवढा लागला.

सभागृह असं गप्प झालं की जणू कोणी उघडं फिरतंय. अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, शांत व्हा, पाणी घ्या.’ तोफ अगदी वडीलधाऱ्या आवाजात म्हणाले, ‘घरी काही झालंय का?’ (ह्याच माणसाने महिन्यापूर्वी गटाराच्या झाकणावरून पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला होता. त्यांच्या घरी काही झालंय का, हे कोणी विचारलं नाही.) कोणीतरी पंखा पाचवर केला, सगळ्यांचे कागद उडाले, आणि त्या कागदांच्या पावसात डॉक्टरीणबाई ओरडल्या, ‘पंखा नकोय मला, पाळणाघर हवंय!’ सभा दहा मिनिटं तहकूब.

आत्या, इथून पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. मला त्यांची दया आली नाही. कौतुकही वाटलं नाही. मी नुसती जळले. ही काल आलेली बाई, आणि हिने करूनही टाकलं? मी बावीस वर्षं त्याच पंख्याखाली बसून प्रत्येकाचं ऐकून घेतेय, गिळतेय, शोभेल असं करून लिहितेय. माझा नंबर आधी होता! रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तर होतं ना, तसं झालं मला. आणि त्या तिरमिरीत मी लिहिलं, ‘सदस्या भावनाविवश झाल्या व रडवेल्या स्वरात बोलू लागल्या.’ ‘भावनाविवश’ लिहायची पद्धत आहे, ते माझ्या आधीपासून चालत आलंय. ‘रडवेल्या’ माझं स्वतःचं. ती बाई रडली नव्हती. डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी तिला कागदावर रडवलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा, ‘महिला सदस्येला अश्रू अनावर’. वार्ताहर सभेला आलाच नव्हता, तो नेहमी माझा कच्चा मसुदा बघून बातमी करतो. प्रस्तावावर त्याच दिवशी, तहकुबीनंतर मतदान झालं, तेव्हा ‘भावनेच्या भरात निर्णय नको’ असं म्हणून चोवीस जणांनी खुर्च्यांच्या बाजूने हात वर केले. सात जणांनी पोरांच्या. महिन्याअखेर पाळणाघर रिकामं करायची नोटीस दाराला लागली. मी जाता-येता ती नोटीस बघायचे. तिचा मसुदाही माझाच, अक्षर सुंदर आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. खालची, डावीकडची. पाच दिवस मी लवंग, मिठाचं पाणी आणि खोटं बोलणं यांवर काढले. सहाव्या दिवशी ह्यांनी मला धरून दवाखान्यात नेलं. कुठल्या, ते सांगायला नको. बाजाराच्या आसपास दुसरा नाहीच. मी त्या खुर्चीत आडवी, तोंडाचा आ वासलेला, आत कापूस, आरसा आणि एक नळी. डॉक्टरीणबाई मास्कवरून माझ्याकडे बघतायत. म्हणाल्या, ‘दुखलं तर हात वर करा.’ मी लगेच हात वर केला. ‘अजून सुरूच केलेलं नाही,’ म्हणाल्या. मग अगदी मऊ आवाजात, एका हाताने माझा गाल बाजूला धरून, त्यांनी विचारलं, ‘मी कधी रडले हो?’ मी म्हटलं, ‘आँ आँ आ.’ म्हणाल्या, ‘नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय. काल एका म्हाताऱ्या पेशंटने बोळा तोंडात असताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, रडू नये, पोरी. मी त्याची कवळी बसवत होते.’ मी पुन्हा हात वर केला. ‘दुखतंय?’ मी मान हलवली, हो. दाढेचं नव्हतं ते.

नळी काढल्यावर मी बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘दाढ किडलेली नाहीये. झिजलीय. तुम्ही झोपेत दात खाता. पंधरा-वीस वर्षं तरी खात असणार.’ आणि मास्क खाली ओढून स्वतःचे दात दाखवले. मागच्या दाढा माझ्यासारख्याच, सपाट. आत्या, मी एवढी खजील आयुष्यात झाले नव्हते. मी बावीस वर्षं समजत होते की मला रागच येत नाही, हा माझा मोठा गुण. (सासूबाई जाईपर्यंत सगळ्यांना हेच सांगत होत्या.) राग रोज येत होता. झोपेत, दातांखाली, कोणाला त्रास न देता. मी तिथेच कबूल केलं, ‘ते मी माझ्या मनाने लिहिलं. दुरुस्ती करते.’ त्या नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या आणि माझ्या दाढेवर काहीतरी थंड लावलं.

दुरुस्तीची रीत अशी की इतिवृत्त कायम करताना ज्याने ते लिहिलं त्याने उभं राहून चूक वाचून दाखवायची. मी पुढच्या सभेत उभी राहिले. वाचायचंच होतं, बोलायचं नव्हतं, म्हणून जमलं. ‘पान चार, ओळ नऊ. रडवेल्या स्वरात याऐवजी रागाने असे वाचावे.’ दोन मिनिटांचं काम. त्याला चाळीस मिनिटं लागली. अध्यक्ष म्हणाले, ‘रागाने’ जरा कडक वाटतं, ‘नाराजीने’ चालेल का? एका सदस्याने ‘व्यथित होऊन’ सुचवलं. दुसऱ्याने ‘कळकळीने’. तिसरे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी ‘सद्गदित’ आणि ‘उद्विग्न’ यांतला फरक समजावून सांगितला, त्यात दहा मिनिटं गेली. मागून कोणीतरी म्हणालं, ‘रुसून’! आत्या, नगरपालिकेच्या इतिवृत्तात, ‘सदस्या रुसून म्हणाल्या’! शेवटी तोफ उठले. चष्मा डोळ्यांवरच होता, म्हणजे आज माया होती. म्हणाले, ‘बाईमाणसाच्या नावावर राग असा कायमचा नोंदला जाणं बरं दिसत नाही. उद्या त्यांच्या मुलाबाळांनी वाचलं तर? आपण त्यांचाच विचार करतोय.’ डॉक्टरीणबाई केव्हापासून हात वर करून बसल्या होत्या. अध्यक्ष त्यांना म्हणाले, ‘बाई, तुमचा विषय गेल्या सभेत संपला. हा शब्दाचा विषय आहे.’

माझ्या हातातली पेन्सिल मोडली. मी मोडली नाही, तीच मोडली. आणि मी पुन्हा उभी राहिले आणि माझ्या तोंडून एक आवाज आला. गर्जना वगैरे नाही हं, तेल न घातलेल्या दाराचा येतो तसा. ‘रागावली होती ती!’ मी म्हटलं. ‘मी इथे बसले होते, एवढ्याशा अंतरावर. राग आला होता तिला, आणि बरोबर आला होता, आणि तुम्ही तिला पाणी दिलंत! तहान लागली होती का तिला? मलाही येतो राग. बावीस वर्षं येतोय, तुमच्यातल्या एकेकाचा! आणि तुमचा राग मी छान अक्षरात तुमच्या नावावर लिहून देते, आणि तिच्या रागाला तुमच्याकडे एक शब्द नाही?’ आणखीही बोलले. खुर्च्यांबद्दल बोलले, पोरांबद्दल बोलले. तिसऱ्या टेबलाचं गुपितही फोडलं. तोफांचा चेहरा त्यांच्याच दुकानातल्या पांढऱ्या फरशीसारखा झाला.

मग काय, पंखा पाचवर. शिपाई पाण्याचा पेला घेऊन आला. आणि आत्या, मी ते पाणी प्याले. तहान लागली होती. अध्यक्ष सवयीने माझ्या टेबलाकडे वळून म्हणाले, ‘हे लिहू नका,’ आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लिहीत कोणीच नाहीये. लिहिणारी उभी होती. त्यामुळे चारचौघांत आजवर मी एकदाच जे काही बोलले, ते कुठेही नाही. त्या जागी इतिवृत्तात एवढंच आहे, ‘चर्चेअंती दुरुस्ती पुढील सभेपर्यंत तहकूब.’ ते मीच लिहिलं, दुसरी पेन्सिल घेऊन. तेव्हा पुन्हा मला डॉक्टरीणबाईंचा हेवा वाटला. रडवेली का होईना, ती कागदावर तरी आहे!

दुसऱ्या दिवशी मला पंधरा दिवस ‘विश्रांती’ म्हणून घरी पाठवलं आणि सोबत एक चिठ्ठी. सभेच्या वेळी कर्मचारी महिलेची प्रकृती बरी नव्हती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणावं, त्याखाली स्वतःची सही करावी, म्हणजे विषय संपला. नाही आणलं तर गैरवर्तनाची चौकशी, आणि बहुधा नोकरीही. हे त्याच संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेऊन आले. ‘मानसिक ताण व चक्कर.’ चांगल्या मनाने आणलं. म्हणाले, ‘एका सहीचं काम, आणि सगळे विसरतील.’ मी म्हटलं, मला चक्कर आली नव्हती. म्हणाले, ‘ते मला माहीत आहे गं.’ आणि सातच्या बातम्या लावल्या.

मी घरी असताना एक खास सभा झाली. तोफ साडेदहाला गेले असणार. चष्मा खिशात, मूठ टेबलावर, ‘अठ्ठावीस लेकरांना रस्त्यावर काढून मोडक्या खुर्च्यांना छप्पर देणार?’ ठराव एकमताने रद्द. पेपरात फोटो, मथळा ‘तोफेच्या दणक्याने पाळणाघर वाचले’. खाली लिहिलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि सभागृह हेलावलं. आत्या, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तरळतं! मी पेपर घेऊन थेट दवाखान्यात गेले आणि म्हटलं, ‘तुमचं वाक्य आहे हे. शब्दन् शब्द!’ डॉक्टरीणबाई पेशंटच्या खुर्चीत बसून डबा खात होत्या. म्हणाल्या, ‘पोरं आत आहेत ना?’ मी म्हटलं, आहेत, आताच बघून आले, एक दारात उभं राहून बिस्किट चोखत होतं. ‘मग झालं,’ म्हणाल्या. दोन घास खाल्ले. मग म्हणाल्या, ‘पण ह्या माणसाची दाढ कधीतरी दुखेलच.’ आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर बसलेला पेशंट उठून गेला.

तर असं सगळं. हसून घरी आले तरी मत्सर काही उतरला नाही. पोरांना जागा मिळाली, मला आनंद आहे, आणि मी जळतेय, दोन्ही एकदम. तुला का लिहिते, ते तुझ्या लक्षात आलं असेल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये संपाच्या वर्षी तुला संपवाल्यांचे फोन चोरून ऐकून लिहून द्यायला सांगितलं, आणि तू हेडफोन काढून साहेबाच्या अंगावर ओरडलीस, ही गोष्ट आमच्या घरात कधी पूर्ण सांगितलीच गेली नाही. नुसतं कानशिलाजवळ बोट फिरवायचे. त्याच वर्षी बाबांनी पेपरांचा गठ्ठा हेडमास्तरांच्या टेबलावर आपटून शाळा सोडली, ती गोष्ट मात्र दर पाहुण्याला चहाबरोबर. ते बाणेदार, तू तिरसट. मी जरा आवाज चढवला की आई म्हणायची, ‘आत्यावर जाऊ नकोस.’ नाही गेले. बघ, किती नाही गेले ते. तुझ्यापुढेही असाच कागद ठेवला होता ना त्यांनी, आजारी होते म्हणून लिहून दे, असं सांगून? आणि तू सही केली नाहीस. मला तुझासुद्धा हेवा वाटतो, आणि तो सगळ्यात जुना आहे.

मीही ह्यांना ठणकावून सांगितलंय, सही करणार नाही. काय व्हायचं ते होवो.

गुडघ्याला जप. शिंपिणीला माझा नमस्कार सांग, मांजराला लांबूनच.

तुझी भाची

ता. क. वर ‘ठणकावून’ लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. हे दुकानात गेल्यावर मी ते भांडी घासताना नळाला सांगितलं. नळ मोठा सोडला होता.

ता. क. २. हे आत्ताच आले. इतका वेळ कोणाला लिहितेयस म्हणून विचारलं. ‘आत्याला’ म्हटल्यावर म्हणाले, ‘त्यांना लिही, त्या दिवशी तू काय बोललीस ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.’ मी म्हटलं, तुम्ही विचारलं कुठे? तर टीव्ही बंद केला आणि समोर बसले. बातम्या चालू होत्या, आत्या. मी सगळं सांगितलं, उभी राहून. मध्येच पोस्टमास्तरांनी दार लावून घेतलं.

ता. क. ३. आता जे लिहायला बसले होते ते. सही मी परवाच करून टाकली आहे. ह्यांनी सांगितलं म्हणून नाही, घाबरले म्हणून. कागद माझ्या पर्समध्ये आहे आणि सोमवारी साडेदहाला द्यायचाय. तो फाडायचा की द्यायचा, हे मला तुला विचारायचं नाहीये, तू काय सांगशील ते मला माहीत आहे. मला फक्त एवढंच सांग. नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जायला ऑफिस नव्हतं, सगळं घर तुझ्याकडे तिरकं बघत होतं, तेव्हा तू उठलीस आणि आधी काय केलंस? दात घासले, चहा केला, जे काय असेल ते. क्रमाने लिही. शनिवारपर्यंत पोचेल असं टाक.